नऊ नोव्हेंबरची ओळ

जोनस पेंटलो यांच्या छापखान्यात मी सव्वीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवले. क्लार्कनवेलच्या उतारावर तीन मजली अरुंद घर होतं. खाली स्वयंपाकघर, मधल्या मजल्यावर दाबाची दोन लाकडी यंत्रं, आणि वर माळ्यावर आम्ही जुळारी, कारण लंडनमध्ये उजेड असलाच तर तो वरच असतो. शाई लावायचे चामडी गोळे मऊ राहावेत म्हणून रोज मुतात भिजत घालावे लागत. त्यामुळे आमचा पत्ता कोणाला सांगावा लागत नसे.

पेंटलो मूळचे केटरिंगचे, विणकराचे चिरंजीव. चौदाव्या वर्षी छापखान्यात उमेदवारीला लागले, एकविसाव्या वर्षी पायी लंडनला आले आणि पुढची दहा वर्षं दुसऱ्यांची प्रवचनं छापत राहिले. स्मिथफील्डला गाडीवानांची एक खाणावळ होती. तिच्या मालकाची मुलगी हेस्टर त्यांनी केली आणि तिच्या माहेरच्या पैशातून पहिलं यंत्र घेतलं. माणूस अबोल होता. उलटे खिळे वाचायची सवय इतकी मुरलेली, की कॉफीगृहात समोरच्याच्या हातातलं वर्तमानपत्र उलट्या बाजूने त्याच्या आधी वाचून संपवत. माणसाशी बोलण्यापेक्षा हे त्यांना सोपं जाई.

सतराशे एकतीस साली त्यांनी मासिक काढलं. नाव 'कोठार'. मासिक म्हणजे तेव्हा नवीच चीज होती. अर्धा मजकूर आम्ही इतरांच्या वर्तमानपत्रांतून उचलत असू आणि इतर लोक आमच्यातून उचलत. याला ज्ञानप्रसार म्हणत. हंफ्री बॅगशॉ नावाच्या गृहस्थांनी वर्षभरातच पलीकडच्या गल्लीतून 'भांडार' काढलं. ते तर आमचा मजकूर चुकांसकट उचलत. त्यामुळे निदान आमच्या चुका तरी सर्वदूर पोचत.

शेवटच्या पानांवर धान्याचे भाव, लग्नं, दिवाळखोर आणि मृतांची यादी असे. ही यादी म्हणजे पेंटलोंचा जीव की प्राण. ती ते स्वतः करत. तिला नियम होते: सरदार, धर्मगुरू, लष्करातले अधिकारी, जमीनजुमला असलेले गृहस्थ. बाकीच्यांना जागा हवी असेल तर वयाची शंभरी गाठावी, नाहीतर अंगावर वीज पाडून घ्यावी. सुतार, न्हावी, दुकानदार आणि त्यांच्या बायका यांच्यासाठी लोक अर्ज घेऊन यायचे. पेंटलो त्यांना खुर्ची द्यायचे, पूर्ण ऐकून घ्यायचे आणि नाही म्हणायचे.

"एकाला घेतलं की लंडनमधले सगळे मेलेले रांग लावतील," ते मला म्हणत.

तिसऱ्या अंकाच्या वेळची गोष्ट. दीड पान रिकामं राहिलं होतं. मजकूर न्यायला मी खाली स्वयंपाकघरात गेलो, तर हेस्टरबाई बदक सोलत बसल्या होत्या आणि मालक हातात कच्चं प्रूफ घेऊन उभे होते.

"कोरंच सोडा," बाई म्हणाल्या. "निबंध वाचून लोक दमतात. जरा उसंत मिळेल."

"कोरं पान म्हणजे आमच्यापाशी सांगायला काही नाही, अशी कबुली आहे हेस्टर."

"ती कबुली पहिल्या दोन अंकांत देऊन झालीय, मिस्टर पेंटलो."

मालक वर निघून गेले. बाईंनी हात पुसले, मला म्हणाल्या, "बस ग्रिबल, अर्धा तास लागेल," आणि पिसं चिकटलेल्या टेबलावरच लिहायला घेतलं. मागच्या अंकात चहाच्या गुणांवर एक निबंध आला होता. त्याच्यावर बाईंच्या कागदात श्रॉपशर परगण्यातला कोणी कॅप्टन थ्रप भयंकर खवळला होता. चहामुळे सैनिकाचा कारकून होतो आणि कारकुनाचं काय होतं ते लिहायला आपली लेखणी धजत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. त्याला संधिवात होता, तीन शिकारी कुत्रे होते आणि बटाट्यापासून बिशपच्या टोपापर्यंत जगातल्या कुठल्याच गोष्टीबद्दल चांगलं मत नव्हतं.

तीन आठवड्यांत सतरा पत्रं आली, सगळी कॅप्टनला शिव्या देणारी. आमच्याकडे टपालाचा खर्च पत्र घेणाऱ्यावर पडतो, त्यामुळे लोक मोकळ्या मनाने शिव्या देतात. मालकांनी सतराही पत्रं पैसे भरून सोडवली, पुन्हापुन्हा वाचली आणि खाली जाऊन बाईंना विचारलं, "कॅप्टनला उत्तर द्यायला आवडेल का?"

कॅप्टन अकरा वर्षं दर महिन्याला लिहीत राहिला. 'कोठार' त्याच्यावर चाललं असं म्हटलं तर मालकांच्या निबंधांचा अपमान होईल, पण निबंधांची पानं कोणी फाडून ठेवल्याचं ऐकिवात नाही. घोड्याच्या खुरांचे रोग, खराब रस्ते, भेसळीची बिअर, सगळं त्याला ठाऊक. बाई जन्मात इस्लिंग्टनच्या पुढे गेल्या नव्हत्या. पण गाडीवानांच्या खाणावळीत वाढलेल्या मुलीला इंग्लंड कळायला इंग्लंडमध्ये हिंडावं लागत नाही, इंग्लंडच जेवायला येतं. कॅप्टनचा मजकूर फक्त मीच जुळवायचा असा दंडक होता. हे गुपित आम्हा तिघांत होतं. आमच्या चॅपललाही, म्हणजे छापखान्यातल्या कामगारांच्या पंचायतीलाही, पत्ता नव्हता.

नाश्त्याच्या वेळी मालक विचारायचे, "या महिन्यात कॅप्टन कशावर रागावलाय?"

"जेवणाच्या टेबलावर वाचत बसणाऱ्यांवर."

"छान विषय आहे," मालक म्हणायचे आणि पान उलटायचे.

सतराशे बेचाळीसच्या ऑक्टोबरात बाईंच्या छातीत कफ साठला. पलंगावरून त्यांनी कॅप्टनचं पत्र सांगितलं आणि मी लिहून घेतलं. विषय होता वैद्य. मालक पायथ्याशी बसून मृतांच्या यादीचं प्रूफ तपासत होते.

"मिस्टर पेंटलो," बाई म्हणाल्या, "तुमच्या यादीत माझी सोय होईल का हो?"

"यादीला नियम आहेत," मालक म्हणाले. त्यांना वाटलं, थट्टा चाललीय. ते हसलेसुद्धा. आमच्या मालकांना थट्टा कळायची ती नेमकी चुकीच्या वेळी.

"कॅप्टनची तरी झाली असती," बाई म्हणाल्या आणि खोकल्या.

नऊ नोव्हेंबरला सकाळी त्या गेल्या. आम्ही चॅपलच्या लोकांनी खांदा दिला. परत आल्यावर मालकांनी हातमोजे काढले, टेबलापाशी बसले आणि त्या महिन्याची यादी पुढे ओढली. तीत चर्चचा एक डीन होता, एक जनरल होता, वेल्समधली एकशे सात वर्षांची म्हातारी होती आणि बैलाने उडवलेला एक जमीनदार होता.

"मालक, बाईंची ओळ लावू?" मी विचारलं.

त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत एकदा वाचली.

"काय म्हणून लावणार? मुद्रकाची बायको?"

"एकच ओळ तर आहे."

"ग्रिबल, गेल्या वर्षभरात मी तीनशे माणसांना नाही म्हटलं. त्यांच्याही एकेकच ओळी होत्या."

मला त्यांचा राग आला. दुसऱ्या दिवशी प्रूफ परत आलं तेव्हा जनरलच्या ओळीत चार ठिकाणी दुरुस्त्या होत्या. त्यातल्या तीन मुळात बरोबर असलेल्या जागी.

मग आमचं घर शांत झालं. तसं ते आधीही गोंगाटाचं नव्हतं, पण स्वयंपाकघरातून कोणीतरी निबंधांना नावं ठेवतंय ही एक सोबत असते. मालक कोपऱ्यावरच्या भटारखान्यातून मटणाचं सारण भरलेली रोटी आणून एकटे खायचे, अर्धी तशीच ठेवायचे. टेबलावर वाचायचं मात्र त्यांनी सोडून दिलं. नुसते बसायचे. एकदा मी मजकूर घ्यायला गेलो, तर मला म्हणाले, "या महिन्यात कॅप्टन..." आणि थांबले. मी खिळ्यांची पेटी उगाचच या हातातून त्या हातात घेतली.

पण मासिकाला कॅप्टन हवाच होता. डिसेंबरचं पत्र मालकांनी स्वतः लिहिलं, जानेवारीचंही. जुळवताना माझी बोटं अडखळत होती. कॅप्टन आता 'माझ्या नम्र मतानुसार' म्हणू लागला होता. आमच्याच उतारावर मेणबत्त्यांचं दुकान असलेला ओबदाया फिंच हा पहिल्या अंकापासूनचा वर्गणीदार. तो दुकानाच्या दारातूनच ओरडला, "काय हो पेंटलो, तुमच्या कॅप्टनचे कोणी दात काढून घेतले का? मागच्या महिन्यात तो बटाट्याबद्दल चक्क बरं बोलला."

"वय झालं त्याचं," मालक म्हणाले.

"वय झालं की माणूस कडू होतो. माझ्याकडे बघा की."

बाईंची लकब पकडायची म्हणून मालकांनी कपाटातून बांधलेले अकरा खंड काढले आणि पहिल्यापासून फक्त कॅप्टनची पत्रं वाचायला घेतली. अकरा वर्षांची एकशे सदतीस पत्रं. सलग वाचली तर चार दिवस पुरतात. चौथ्या दिवशी दुपारी त्यांनी मला खाली बोलावलं. सहावा खंड उघडा होता.

"हे वाच."

कॅप्टनने लिहिलं होतं, की काही गृहस्थ दुसऱ्याचं म्हणणं ऐकताना मान हलवतात ती केवळ माशी उडवायला. मला आठवत होतं. मीच जुळवलं होतं.

"आता हे."

आठवा खंड. श्रॉपशरमधल्या एका शेजाऱ्याची गोष्ट. त्याच्या बायकोने नवी टोपी घातली, ती त्याला दिसली सात महिन्यांनी, तीही ती जुनी झाल्यावर.

"तिने तेव्हा टोपी घेतली होती?" मालकांनी विचारलं.

"हिरवी," मी म्हटलं.

त्यांनी तिसरा खंड उघडला, मग दहावा. धूर ओकणाऱ्या चुलीबद्दल एक पत्र होतं. आमची चूल चार वर्षं तशीच होती. एक पत्र मुलं नसलेल्या घराबद्दल होतं. त्यात कॅप्टन नेहमीसारखा ओरडत नव्हता. ते पत्र छापलं तेव्हा 'कॅप्टन यंदा थकलेला दिसतो' म्हणून मालकांनी दोन वाक्यं गाळली होती. काय होती ती वाक्यं, ते त्यांनी मला विचारलं. मला आठवेना. खिळे जुळवणाऱ्याला गाळलेलं आठवत नाही.

"अकरा वर्षं ती माझ्याशी बोलत होती, ग्रिबल," ते म्हणाले. "आणि मी स्वल्पविराम घालत होतो."

मी वर गेलो.

फेब्रुवारीच्या अंकासाठी त्यांनी कॅप्टनचं पत्र लिहिलं नाही. त्याऐवजी मृतांच्या यादीसाठी माझ्या हातात एक चिठ्ठी दिली: '९ नोव्हेंबर. कॅप्टन थ्रप, श्रॉपशर. या मासिकाचे दीर्घकाळचे पत्रलेखक.' यादीचे सगळे नियम पाळलेले. अधिकारी, गृहस्थ, शिवाय जमीन.

"मालक, तारीख चुकली," मी म्हटलं. "डिसेंबरात आणि जानेवारीत आपण त्यांची पत्रं छापलीत. एकाच्या सहीखाली तर बारा डिसेंबर ही तारीख आहे."

"माहीत आहे."

"मग फेब्रुवारीची कुठलीतरी टाकू या?"

"फेब्रुवारीत कोण गेलंय?" ते म्हणाले. "आहे तशी लाव."

मी आहे तशी लावली.

आणि मग पत्रं यायला लागली. पहिल्या आठवड्यात एकतीस. डेव्हनच्या एका पाद्रीबुवांनी चौऱ्याऐंशी ओळींचं शोकगीत पाठवलं. जन्मभर कॅप्टनला शिव्या देणाऱ्या यॉर्कच्या एका चहा व्यापाऱ्याने लिहिलं, की आता भांडायला कोणी उरलं नाही आणि सकाळी उठवत नाही. एका विधवा बाईंनी लिहिलं होतं, की आपल्या घरात कॅप्टनचं पत्र मोठ्याने वाचत आणि त्या वेळी घरातला प्रत्येक पुरुष अंग चोरून बसे. मालक सगळी पत्रं सोडवून घ्यायचे आणि स्वयंपाकघरात बसून हळूहळू वाचायचे. बाई गेल्या तेव्हा आमच्या घरी सांत्वनाला एकंदर चार माणसं आली होती, त्यात एक भाडेवसुलीचा. आता रोज टपालवाला येत होता.

फिंच दुकान बंद करून मुद्दाम आला. टोपी हातात धरून म्हणाला, "पेंटलो, ऐकून फार वाईट वाटलं. असा माणूस पुन्हा होणे नाही."

"आभारी आहे," मालक म्हणाले आणि त्याचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

"तुमची त्यांची प्रत्यक्ष ओळख होती का हो?"

"म्हणावी तेवढी नव्हती," मालक म्हणाले.

हे तीन आठवडे चाललं. आयुष्यात प्रथमच लोक त्यांचं दुःख हलकं करायला येत होते. ते दुःख कशाचं, एवढंच फक्त लोकांना ठाऊक नव्हतं.

एक मार्चला 'भांडार' बाहेर पडलं. पहिल्याच पानावर मजकूर होता: आमचे आदरणीय प्रतिस्पर्धी म्हणतात की कॅप्टन थ्रप नऊ नोव्हेंबरला वारले. त्यांनीच कॅप्टनचं बारा डिसेंबरचं पत्र छापलं आहे. तेव्हा एकतर श्रॉपशरची माणसं मेल्यावरही टपाल टाकतात, नाहीतर कॅप्टन ठणठणीत आहेत. आम्हाला कळवण्यास आनंद होतो की दुसरी गोष्ट खरी आहे, आणि 'कोठारा'तल्या वागणुकीला कंटाळून ते यापुढे आम्हाला लिहिणार आहेत. खाली पत्र होतं. सही कॅप्टन थ्रपची, विषय लिहिणाऱ्या बायका. कॅप्टनच्या मते बायकांच्या हातात लेखणी देणं म्हणजे माकडाच्या हातात पिस्तूल देणं होतं.

मालकांनी ते पत्र सरळ वाचलं, मग उलटं धरून वाचलं. मग कोट चढवला. मला म्हणाले, "चल."

बॅगशॉ गोल, हसरे गृहस्थ. आम्हाला पाहून त्यांनी बिअर मागवली आणि मलासुद्धा बसा म्हणाले. हा अपमान आहे की सौजन्य, ते मी अजून ठरवलेलं नाही.

"तो गेलाय, बॅगशॉ," मालक म्हणाले. "त्याला राहू द्या."

"पेंटलो, तुम्ही भरल्या बाजारात टोपी फेकून दिलीत. मी उचलली. आता डोकं थंड पडलं म्हणून परत मागताय?"

"तुम्हाला माहीत आहे असा माणूस नव्हता."

"मला पहिल्या पत्रापासून माहीत आहे. श्रॉपशरमधला कुठला जमीनदार एवढं शुद्ध लिहितो? मला वाटायचं तुम्हीच लिहिता. मग डिसेंबरचं पत्र वाचलं आणि कळलं की नाही."

मालकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "माझी पत्नी लिहायची."

बॅगशॉंनी पेला खाली ठेवला. क्षणभर चेहरा खरोखर उतरला त्यांचा. "मिसेस पेंटलो? नोव्हेंबरात गेल्या त्या?"

"नऊ तारखेला."

"अरेरे," बॅगशॉ म्हणाले. मग थोडा विचार करून म्हणाले, "मग छापा की तसं. मी काही म्हणणार नाही. छापा, की अकरा वर्षं आम्ही वर्गणीदारांना खोट्या माणसाची पत्रं विकली. तुमच्या बाकीच्या पत्रांवर कोण विश्वास ठेवेल, आणि तुमच्या त्या यादीवर? सगळ्या देशात तुमची यादी खरी मानतात. वकील लोक मृत्युपत्राच्या भांडणात ती पुढे करतात."

परत येताना मालक वाटभर माझ्या पुढे चालत राहिले. स्वयंपाकघराच्या दाराशी थांबून म्हणाले, "बॅगशॉ बरोबर सांगतो."

"हो," मी म्हटलं.

"तिचं नाव एकदा तरी छापून यायला हवं."

"हो मालक."

मार्चच्या अंकाच्या यादीत आम्ही ओळ लावली: '९ नोव्हेंबर. हेस्टर, जोनस पेंटलो, मुद्रक, क्लार्कनवेल यांच्या पत्नी. या मासिकातली कॅप्टन थ्रप यांची सर्व पत्रं यांनी लिहिली.' सर्व हा शब्द त्यांनी आधी लिहिला, मग डिसेंबर-जानेवारी आठवून खोडला, मग पुन्हा लिहिला. ती दोन पत्रं बाईंच्या माथी मारल्याचं त्यांना पुढे वाईट वाटायचं.

आमची अशी समजूत होती, की लोक रागावतील. फसवलं म्हणतील, वर्गणी परत मागतील. मालक त्याला तयार होते. तसलं काही झालं नाही. लोकांनी विश्वासच ठेवला नाही.

पाद्रीबुवांनी कळवलं, की मृत सद्गृहस्थाची अशी विटंबना करणाऱ्या मासिकात आपलं शोकगीत छापू नये. यॉर्कच्या चहावाल्याला हा 'भांडारा'वर कुरघोडी करण्याचा डाव वाटला, आणि फारच हलका डाव. एका निवृत्त मेजरने चार पानं खर्चून सिद्ध केलं, की घोड्याच्या खुराला होणाऱ्या कुजीवरचं सातव्या वर्षीचं पत्र घोडदळात आयुष्य काढलेल्या माणसाशिवाय कोणी लिहूच शकत नाही. त्या विधवा बाईंकडून काही आलं नाही. मालक त्यांच्या पत्राची वाट पाहत होते असं मला वाटतं.

फिंच या वेळी दुकानाच्या दारातूनच बोलला.

"पेंटलो, राग मानू नका. बायको गेल्यावर माणसाच्या डोक्यात काहीबाही येतं. पण मिसेस पेंटलो बारा वर्षं माझ्याकडून मेणबत्त्या नेत होत्या. मला कळलं असतं."

"तुमच्याशी काय बोलायची ती?"

फिंचने आठवून पाहिलं. "मेणबत्त्यांबद्दल."

"माझ्याशीही तसंच," मालक म्हणाले आणि पुढे चालू लागले.

मी एकदा त्यांना म्हटलं, "मालक, मला माहीत आहे. मी त्यांच्या अक्षरातला प्रत्येक कागद जुळवलाय."

"तुझं मोजता येत नाही, ग्रिबल. तू पाहिलंयस. मला न पाहिलेला एक माणूस हवा."

तो मिळाला नाही. बाईंच्या हातचे मूळ कागद दाखवायची सोय नव्हती. जुळवून झालं की मजकुराचे कागद आम्ही चूल पेटवायला देत असू, सगळेच छापखाने देतात. तीच ती धूर ओकणारी चूल.

वर्गणीदार हळूहळू 'भांडारा'कडे गेले, कारण कॅप्टन तिकडे होता. तो आता दारू पीत होता, कोल्हे मारत होता आणि बायकांवर घसरत होता, आणि लोक म्हणत होते की जुना कॅप्टन परत आला. दोन वर्षांनी मालकांनी 'कोठार' बॅगशॉंनाच विकलं. नाव, जुने खंड, पुन्हा छापायचा हक्क, सगळं. एकच अट घातली, की सतराशे त्रेचाळीसचा खंड पुन्हा छापाल तेव्हा मार्चच्या यादीतून हेस्टरचं नाव काढायचं नाही. बॅगशॉंनी हसतहसत लिहून दिलं.

आम्ही मग सुटी कामं करत राहिलो. दुकानांच्या पावत्या, अंत्ययात्रेची निमंत्रणं, हरवलेल्या कुत्र्यांची वर्णनं. मालक प्रत्येकाचं प्रूफ तितक्याच निगुतीने तपासत. संध्याकाळी एकटेच चालत न्यू रिव्हरच्या कालव्यापर्यंत जात आणि परत येत. वाटेत कोणाशी बोलत नसत. पण आता लोक बोलत असले की थांबून ऐकत, मान न हलवता.

चार वर्षांनी बॅगशॉंनी तो खंड पुन्हा छापला. मालकांनी मला दुकानातून एक प्रत आणायला लावली. मार्चची यादी उघडली. नाव होतं. '९ नोव्हेंबर. हेस्टर, जोनस पेंटलो, मुद्रक, क्लार्कनवेल यांच्या पत्नी.' आणि पुढे पूर्णविराम. पुढचा भाग नव्हता. वर एक अर्ल सरदार, खाली एक आर्चडीकन धर्मगुरू, मधे आमच्या बाई, कशासाठी ते न सांगता.

मला वाटलं, काहीतरी तरी झालं. ज्या यादीत मुद्रकाच्या बायकोला जागा नव्हती, तिथे ती नुसती मुद्रकाची बायको म्हणून बसली होती. तसं मी म्हणालोही.

"नाही," मालक म्हणाले. "पहिला अर्धा भाग माझा होता. तिचा होता तो दुसरा."

त्यांनी दौत ओढली आणि पूर्णविरामाच्या पुढे, समासात, बारीक अक्षरात राहिलेला भाग लिहिला. छापल्यासारखं अक्षर होतं त्यांचं. या वेळी 'सर्व' हा शब्द घातला नाही. 'एकशे सदतीस पत्रं' असं लिहिलं. मग शाई वाळेपर्यंत बसून राहिले आणि म्हणाले, "बॅगशॉने किती प्रती काढल्यात?"

"साडेसातशे म्हणतात."

तेव्हापासून दर शनिवारी ते कोटाच्या खिशात दौत घालून निघत. लंडनमधल्या प्रत्येक कॉफीगृहात मासिकांचे बांधीव खंड गिऱ्हाइकांसाठी ठेवलेले असतात, आणि पुस्तकवाल्यांच्या फळ्यांवर तर असतातच. मालक एक पेला कॉफी मागवत, खंड काढत, मार्चचं पान उघडत आणि लिहीत. ज्या माणसाने महिन्याला तीन तीन हजार प्रती काढल्या, तो आता एकेक प्रत हाताने करत होता. गुडघे दुखू लागल्यावर मी सोबत जाऊ लागलो. माझं काम कॉफीगृहांच्या मालकिणींना बोलण्यात गुंतवायचं. होलबर्नच्या एका जागेतून त्यांना हाकललं, पॅटरनॉस्टर रोवरच्या एका पुस्तकवाल्याने प्रतीची किंमत वसूल केली. ती प्रत त्यांनी विकत घेतली आणि पुढच्या शनिवारी गुपचूप दुसऱ्या दुकानाच्या फळीवर ठेवून आले.

लिहिताना त्यांना शेवटचं मी पाहिलं ते फ्लीट स्ट्रीटमागच्या एका कॉफीगृहात. शेजारच्या टेबलावरचा तरुण वकील मान वाकडी करून बघत होता.

"आजोबा, पुस्तक खराब करताय."

"दुरुस्त करतोय," मालक म्हणाले, वर न बघता.

तरुणाने वाकून वाचलं. ओठ हलवत वाचलं. मालकांची लेखणी थांबली. ते त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"कॅप्टन थ्रप?" तरुण म्हणाला. "तो तर गेल्याच महिन्यात 'भांडारा'त छापून आलाय."

"हो का," मालक म्हणाले. त्यांनी कागदावर हलकेच फुंकर घातली, शाई वाळली का ते बोटाने पाहिलं आणि खंड मिटला.

"एकशे बारा झाल्या," मला म्हणाले. आम्ही उठलो.